इंजिनिअरिंगच्या बिल्डिंगमधली सायकॉलॉजी

दर सेमिस्टरच्या शेवटी आपण सगळे एक फॉर्म भरतो. 'शिक्षकांनी अभ्यासक्रम वेळेत पूर्ण केला', 'शंकांचं निरसन केलं' अशी विधानं आणि प्रत्येकापुढे पाच गोल. 'पूर्णपणे सहमत' पासून 'अजिबात सहमत नाही' पर्यंत. बहुतेक जण वरून खाली एका सरळ रेषेत टिक मारत जातात आणि कॅन्टीनला पळतात. हा पाच गोलांचा प्रकार कुणी काढला, असा प्रश्न कुणालाच पडत नाही.

तो काढणाऱ्या माणसाचं नाव रेन्सिस लिकर्ट. आणि गंमत म्हणजे हा माणूस आपल्यातलाच! त्याने कॉलेजला प्रवेश घेतला तो सिव्हिल इंजिनिअरिंगला. वडील रेल्वेत इंजिनिअर. कॉलेज होतं अमेरिकेतली युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन. पुढे त्याच युनिव्हर्सिटीत तो सायकॉलॉजीचा प्रोफेसर म्हणून परत आला.

हा लेख त्या युनिव्हर्सिटीच्या सायकॉलॉजी विभागाबद्दल आहे. मेकॅनिकलची मुलगी सायकॉलॉजीवर का लिहिते आहे, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. माझ्या रूममेटला बी.ई. झाल्यावर सायकॉलॉजीत पीएच.डी. करायची आहे. घरून दोन प्रश्न आले. बाबांचा प्रश्न, "चार वर्षांची फी पाण्यात घालायची का?" आणि आजीचा प्रश्न, "वेड्यांची डॉक्टर होणार का गं?" दोन्हींना नीट उत्तर द्यायचं म्हणून आम्ही दोघी माहिती काढायला बसलो. एकच मोठा विभाग घ्यायचा आणि तो मुळापासून समजून घ्यायचा असं ठरवलं. जे सापडलं ते इतकं आपल्या जवळचं निघालं, की ते हॉस्टेलवर सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

विभाग कुठे आहे?

मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव आहे. डेट्रॉइट म्हणजे फोर्डचं, मोटारींचं शहर, त्याच्या जवळच. युनिव्हर्सिटी १८१७ साली डेट्रॉइटमध्ये सुरू झाली आणि १८३७ मध्ये ॲन आर्बरला आली. तिथला सायकॉलॉजी विभाग अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या विभागांपैकी एक मानला जातो. तो 'ईस्ट हॉल' नावाच्या इमारतीत आहे. शेजारी कोण? मॅथेमॅटिक्स विभाग, त्याच इमारतीत!

आता खरी मजा. ही इमारत १९२३ सालची आणि तिचं मूळ नाव 'ईस्ट इंजिनिअरिंग बिल्डिंग'. इंजिनिअरिंग कॉलेज पुढे नॉर्थ कॅम्पसवर गेलं आणि त्यांच्या जुन्या इमारतीत मॅथ्स आणि सायकॉलॉजी राहायला आले. मला हा नुसता जागेचा योगायोग वाटत नाही. का ते पुढे येईलच.

सुरुवातीला तिथेही सायकॉलॉजी हा वेगळा विषय नव्हता. तत्त्वज्ञानाच्या तासालाच शिकवत. जॉन ड्यूई हे शिक्षणशास्त्रातलं मोठं नाव बी.एड. वाल्यांना माहीत असेल. ते १८८४ ते १८९४ या काळात, मधलं एक वर्ष सोडून, मिशिगनमध्येच शिकवत होते आणि १८८७ मध्ये त्यांनी सायकॉलॉजीचं पाठ्यपुस्तक लिहिलं. १८९७ साली वॉल्टर पिल्सबरी आले आणि प्रयोगशाळेचं काम जोरात सुरू झालं. आपल्या देशात पहिला सायकॉलॉजी विभाग कलकत्ता युनिव्हर्सिटीत १९१६ साली निघाला, म्हणजे आपणही या शर्यतीत फार उशिरा उतरलो असं नाही.

आम्हाला शाळेत सिस्टर 'मॉरल सायन्स' शिकवायच्या. माणसाने कसं वागावं, ते त्यात असायचं. सायकॉलॉजीत माणूस खरोखर कसा वागतो, ते बघतात. आणि नुसतं बघून थांबत नाहीत, मोजतात. इथेच आपल्या लिकर्टचा प्रवेश होतो.

मनाला व्हर्नियर लावणारा सिव्हिलवाला

१९२२ साली अमेरिकेत रेल्वे वर्कशॉपच्या कामगारांचा प्रचंड मोठा संप झाला. सुमारे चार लाख कामगार बाहेर पडले होते. त्या वेळी लिकर्ट युनियन पॅसिफिक रेल्वेत इंटर्न होता. मालक आणि कामगार यांच्यात संवादच उरला नव्हता, ही गोष्ट त्याच्या मनात खोल रुतली. पूल कसा बांधायचा हे शिकायला आलेल्या मुलाला प्रश्न पडला, की दोन माणसांच्या गटांमधला पूल का कोसळतो?

तो समाजशास्त्राकडे वळला, १९२६ मध्ये मिशिगनची बी.ए. घेतली, मग न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजीची पीएच.डी. केली. १९३२ साली त्याने माणसाचं मत मोजण्याची पद्धत मांडली, तीच 'लिकर्ट स्केल'.

ही पद्धत वाटते तितकी बाळबोध नाही. आपल्या मेसचं उदाहरण घेऊ. समजा मेस सेक्रेटरीने एकच प्रश्न विचारला, 'जेवण आवडतं का?' त्या दिवशी फीस्ट असेल तर सगळे हो म्हणतील आणि दुधी असेल तर सगळे नाही. एका रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून लिकर्टने काय केलं? एकाच विषयावर अनेक विधानं द्यायची. प्रत्येकाला १ ते ५ गुण. मग सगळ्यांची बेरीज. एखादं उत्तर इकडेतिकडे झालं तरी बेरीज बऱ्यापैकी स्थिर राहते. फर्स्ट इयरला फिजिक्सच्या लॅबमध्ये आपण एकाच तारेचा व्यास पाच ठिकाणी मोजून सरासरी काढायचो, तेच हे!

पण सरासरीने सगळ्याच चुका जात नाहीत. व्हर्नियरला झिरो एरर असेल तर शंभर रीडिंगं घेतली तरी ती चूक तशीच राहते. माणसांनाही झिरो एरर असते. काही जण कशालाही 'हो' म्हणतात. म्हणून 'मी मेसच्या जेवणावर समाधानी आहे' या विधानाबरोबर 'शक्य झालं तर मी मेस सोडेन' असं उलटं विधानही टाकायचं आणि त्याचे गुण मोजताना उलटे करायचे, म्हणजे ५ चा १ आणि ४ चा २. दोन्हींना 'पूर्णपणे सहमत' म्हणणारा लगेच सापडतो. आता सांगा, सरळ रेषेत टिक मारणारे आपण या मशीनला काय रीडिंग देतो?

आणि फॉर्म भरताना सर वर्गातच उभे असतील तर? ती तर सगळ्यात मोठी झिरो एरर. स्टाफने हे वाचलं तर रागावू नये, पण विचार जरूर करावा.

युद्ध संपलं आणि विभाग वाढला

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत सायकॉलॉजीचे विभाग झपाट्याने वाढले. कारण सरळ होतं. लाखो सैनिक घरी परतले, त्यातल्या अनेकांच्या मनावर जखमा होत्या आणि उपचार करायला प्रशिक्षित माणसं नव्हती. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी १९४६ पासून क्लिनिकल सायकॉलॉजी शिकणाऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली. १९४९ साली बोल्डर या गावी एक परिषद झाली. तिथे ठरलं, की क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला उपचारही यायला हवेत आणि संशोधनही. आजही अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांवर या निर्णयाची छाप आहे.

मिशिगनमध्ये १९४५ ला डोनाल्ड मार्क्विस विभागप्रमुख झाले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत विभागाचा चेहराच बदलला. १९४६ मध्ये लिकर्ट आपल्या सहकाऱ्यांना घेऊन वॉशिंग्टनहून आला. युद्धाच्या आधीपासून हे लोक सरकारच्या कृषी खात्यासाठी जनतेची मतं मोजायचं काम करत होते. त्यांनी 'सर्व्हे रिसर्च सेंटर' काढलं. १९४८ ला आणखी एक टोळी आली, ती तर थेट एम.आय.टी. मधून. कुर्ट लेविन या जर्मनीतून आलेल्या ज्यू शास्त्रज्ञाने तिथे 'ग्रुप डायनॅमिक्स'चं केंद्र उभं केलं होतं, म्हणजे माणसं एकटी असताना आणि गटात असताना वेगळी का वागतात त्याचा अभ्यास. १९४७ मध्ये लेविन अचानक वारले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्र मिशिगनला हलवलं. दोन्ही मिळून १९४९ साली 'इन्स्टिट्यूट फॉर सोशल रिसर्च' उभी राहिली.

शेअर बाजाराच्या बातम्या बघणाऱ्यांनी 'मिशिगन कन्झ्युमर सेंटिमेंट' हा शब्द ऐकला असेल. तो आकडा इथूनच येतो. जॉर्ज कातोना या सायकॉलॉजिस्टने १९४० च्या दशकात तो काढला. घराघरांतल्या लोकांना विचारायचं, की पुढच्या वर्षी तुमची परिस्थिती सुधारेल की बिघडेल? त्याचं म्हणणं असं, की माणूस नुसता खिशातल्या पैशांवर खर्च करत नाही, त्याला पुढे काय होईल असं वाटतं त्यावरही करतो. न्यूयॉर्कचा बाजार आजही या आकड्याची वाट बघतो. 'वाटणं' मोजता येतं, आणि ते मोजलं की त्याला किंमत येते, हे याहून चांगलं कसं सांगणार?

फिट्सचा नियम, आपल्या वर्कशॉपमध्ये

आता आपल्या कामाचा माणूस, पॉल फिट्स. हा १९५८ साली मिशिगनला आला आणि १९६५ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत तिथेच होता. त्याआधी अमेरिकन हवाई दलासाठी त्याने पायलटांच्या चुका तपासल्या होत्या. १९४७ च्या एका अहवालात त्याने आणि रिचर्ड जोन्स यांनी अशा ४६० घटना घेतल्या, ज्यांना सगळे 'पायलटची चूक' म्हणत होते. सगळ्यात मोठा गट कोणता निघाला? एका कंट्रोलऐवजी दुसराच ओढला! लिव्हर सारखे दिसणारे, शेजारी-शेजारी, आणि प्रत्येक विमानात जागा वेगळी. मग चूक पायलटची की डिझाइनची? आपण डिझाइन करणारे लोक आहोत, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाच आहे.

१९५४ मध्ये त्याने एक नियम मांडला. हात एखाद्या लक्ष्यापर्यंत न्यायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो, लक्ष्य किती लांब आहे आणि किती रुंद आहे. दोनदा अंतर भागिले रुंदी, त्याचा बेस २ चा लॉग घ्यायचा. हा आकडा म्हणजे त्या हालचालीची 'अवघडता', आणि वेळ तिच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो. करून बघा. बटण १६ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असेल, तर २ × १६ ÷ २ म्हणजे १६, त्याचा लॉग ४. बटण ४ सेंटिमीटर रुंद केलं, की ८, त्याचा लॉग ३. रुंदी दुप्पट केली की अवघडता एकाने कमी. लेथवरचं इमर्जन्सी स्टॉपचं बटण मोठं, लाल आणि हाताशी का असावं, याचं गणित हेच आहे. मोबाइलवर 'डिलीट' आणि 'शेअर' एकमेकांना चिकटून ठेवणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांनीही याची नोंद घ्यावी!

याच विभागात क्लाइड कूम्ब्स हे गणिती सायकॉलॉजी शिकवायचे. माणूस निवड कशी करतो, हे गणिताने मांडायचं. १९६० च्या दशकात त्यांच्याकडे इस्रायलहून एक विद्यार्थी आला, अमोस ट्वर्स्की. त्याने १९६५ मध्ये मिशिगनची पीएच.डी. मिळवली. पुढे डॅनियल कानेमन यांच्याबरोबर त्याने जे काम केलं, त्यासाठी कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत, म्हणून त्यांचं नाव त्यात नाही.

या दोघांचा १९७१ चा एक पेपर प्रत्येक इंजिनिअरने वाचावा असा आहे. त्यांनी संशोधकांनाच प्रश्न विचारले आणि दाखवलं, की संख्याशास्त्र शिकलेली माणसंसुद्धा लहान सॅम्पलवर नको तितका विश्वास ठेवतात. तीन पीस टेन्साईल टेस्टला लावायचे आणि कन्क्लूजन ठोकून द्यायचं, असं आपल्याकडे कुणी करत नाही ना? नाही ना?

प्रवेश कसा मिळतो?

आता मुख्य भाग. मिशिगनमध्ये सायकॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे मुख्यतः पीएच.डी. आधी एम.ए. आणि मग पीएच.डी. असं दोन जिन्यांचं घर नाही. पदवीनंतर थेट पीएच.डी. ला अर्ज करायचा, मास्टर्सची पदवी वाटेत मिळते.

अर्ज 'सायकॉलॉजी' असा मोघम करता येत नाही. शाखा निवडावी लागते. बायोसायकॉलॉजी म्हणजे मेंदू आणि वागणं, बऱ्याचदा प्राण्यांवरचं काम. कॉग्निशन अँड कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स म्हणजे लक्ष, स्मरण, विचार. कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना सगळ्यात जवळचं. डेव्हलपमेंटल म्हणजे मूल वाढताना मन कसं घडतं. सोशल म्हणजे माणूस माणसांमध्ये. आणि क्लिनिकल सायन्स म्हणजे मनाचे आजार आणि उपचार. शिवाय सोशल वर्क, शिक्षणशास्त्र, स्त्री-अभ्यास अशा विभागांबरोबर जोडलेले संयुक्त पीएच.डी. अभ्यासक्रमही आहेत. थोडक्यात काय, तर आजीच्या 'वेड्यांच्या डॉक्टर'चा संबंध यातल्या फक्त एका शाखेशी आहे, तोही तिच्या शब्दांत नाही. उरलेल्या शाखांत पेशंट नसतोच.

अर्ज साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत करायचे असतात. मार्कलिस्ट, तीन शिफारसपत्रं, आणि परदेशी विद्यार्थ्यांना गरजेनुसार इंग्रजीची परीक्षा. जी.आर.ई. चा बागुलबुवा तिथे आता नाही. मिशिगनच्या रॅकम ग्रॅज्युएट स्कूलने २०२२ मध्ये पीएच.डी. प्रवेशासाठी जी.आर.ई. चे गुण बघणं बंद केलं. (हा रॅकम कोण? १९०३ मध्ये फोर्ड कंपनीत सुरुवातीलाच पैसे गुंतवणारा वकील. मोटारीतून आलेला पैसा शिक्षणात गेला.)

पण सगळ्यात महत्त्वाचा कागद वेगळाच असतो, 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'. त्यात लिहायचं, की मला अमुक प्रश्न पडला आहे, त्यावर मी आतापर्यंत हे केलं आहे आणि तुमच्या विभागातल्या या प्रोफेसरांबरोबर मला तो पुढे न्यायचा आहे. त्या प्रोफेसरांनी तुमच्यात रस दाखवला तरच गाडी पुढे सरकते. जागा मोजक्या, अर्ज शेकडो. म्हणजे तिथे आपण विभागात ॲडमिशन घेत नाही, आपल्याला कुणीतरी शिष्य म्हणून घेतं. आपल्याकडे गाणं शिकायला गुरूकडे जायचे, साधारण तसंच!

आणि आपण इंजिनिअरिंगला कसे आलो? कॅप राऊंडमध्ये. सी.ई.टी. चे पर्सेंटाइल, कॉलेजांची यादी आणि रात्री बारा वाजेपर्यंत ऑप्शन फॉर्म. 'कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून मेकॅनिकल' असं म्हणणारे या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर सापडतील. तुझा प्रश्न कोणता, असं आपल्याला कुणी विचारलंच नाही. रूममेटचा अर्ज अडला तो इथेच. सर्किट येतं, कोडिंग येतं, पॉइंटर उत्तम आहे. पण पाच वर्षं पुरेल असा प्रश्न एका वाक्यात लिहायला तिला तीन आठवडे लागले. तो जमला तेव्हा असा होता: परीक्षेच्या ताणात माणूस माहीत असलेली गोष्ट का विसरतो? आपल्या हॉस्टेलवर या प्रश्नाला सॅम्पलची कमतरता नाही.

पाच वर्षं काय करतात? आणि पैसे?

पहिली एक-दोन वर्षं कोर्सेस असतात, त्यात स्टॅटिस्टिक्स सक्तीचं. ज्यांना वाटतं सायकॉलॉजी म्हणजे गणितातून सुटका, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. बरोबरीने पहिल्याच वर्षापासून गाइडच्या लॅबमध्ये संशोधन. मग परीक्षा किंवा मोठा लेख देऊन 'कँडिडेट' व्हायचं, पुढे प्रबंध, आणि शेवटी समितीसमोर तो मांडून प्रश्नांना उत्तरं. एकूण पाच-सहा वर्षं. क्लिनिकलवाल्यांना याशिवाय पेशंटबरोबरचं देखरेखीखालचं काम आणि एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप असते.

माणसांवर प्रयोग करायचा म्हणजे आधी नैतिक समितीची मंजुरी लागते. भाग घेणाऱ्याला सगळं सांगून संमती घ्यायची, आणि त्याला वाटेल तेव्हा तो उठून जाऊ शकतो. आपल्याकडे 'ताई, प्रोजेक्टसाठी एवढा फॉर्म भरा ना' म्हणून लिंक पाठवतात आणि दोन तासांनी परत आठवण करतात, ते तिथे चालणार नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मिशिगनसारख्या विभागात पीएच.डी. ला घेतलेल्या विद्यार्थ्याची फी साधारण पाच वर्षं विभागच भरतो. वर महिन्याचा स्टायपेंड आणि आरोग्यविमा. त्याबदल्यात पदवीच्या मुलांना शिकवायचं किंवा लॅबमध्ये काम करायचं. कर्ज काढावं लागतं ते बहुतेक वेळा परदेशातल्या स्वतःच्या खर्चाच्या मास्टर्सला. दोन्हीला लोक 'अमेरिकेला शिकायला गेली' एवढंच म्हणतात, पण घरच्या हिशेबात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तरी सगळं गुलाबी नाही. स्टायपेंडमध्ये जेमतेम भागतं अशी तक्रार तिथलीच मुलं करतात. मिशिगनमध्ये शिकवणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची युनियन आहे. १९७५ मध्ये त्यांनी संप केला आणि २०२३ मध्ये पुन्हा कित्येक महिने संपावर होते, मुख्य मागणी पगाराची. लिकर्टला पडलेला प्रश्न, दोन बाजूंमधला संवाद का तुटतो, तो त्याच्याच युनिव्हर्सिटीच्या दारात येऊन उभा राहिला म्हणायचा.

स्वतःचीच चूक मोजणारं शास्त्र

या विषयाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर कशामुळे वाटला ते सांगते. २०१५ साली अनेक देशांतल्या सायकॉलॉजिस्टांनी एकत्र येऊन एक धाडसी काम केलं. नामांकित जर्नल्समधले १०० अभ्यास त्यांनी पुन्हा करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के यशस्वी होते. पुन्हा केल्यावर तसा ठाम निकाल फक्त ३६ टक्क्यांत आला! यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक होतं लहान सॅम्पल, म्हणजे ट्वर्स्की आणि कानेमन यांनी १९७१ मध्येच दाखवलेली गोष्ट. सायकॉलॉजीने हा निकाल दडपला नाही, छापला. आता बरेच संशोधक प्रयोग करण्याआधीच आपलं गृहीतक नोंदवून ठेवतात, म्हणजे नंतर गोलपोस्ट हलवता येत नाही.

दुसरी त्रुटी थेट आपल्याशी संबंधित आहे. २०१० मध्ये कॅनडातल्या तीन संशोधकांनी दाखवून दिलं, की सायकॉलॉजीतले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत समाजातल्या माणसांवर झाले आहेत, त्यातही बरेचसे कॉलेजच्या मुलांवर. आणि निष्कर्ष मात्र 'माणूस' असा! मिशिगनमध्येच रिचर्ड निस्बेट यांनी पूर्व आशियातली आणि अमेरिकेतली माणसं एकच गोष्ट वेगळी कशी बघतात यावर काम केलं. मग लातूरहून आलेल्या, घरात पहिलीच इंजिनिअर होणाऱ्या मुलीच्या मनाचं काय? तिच्यासाठी अमेरिकेतला फॉर्म नुसता मराठीत करून चालेल का? 'मला माझ्या भावना व्यक्त करता येतात' या विधानापुढे ती कुठला गोल काळा करेल? हे काम कुणीतरी मराठी येणाऱ्यानेच करायला हवं, नाही का?

एक गैरसमज आणि एक नंबर

जाता जाता हॉस्टेलसाठी कामाचं. सायकिॲट्रिस्ट हा एम.बी.बी.एस. नंतर शिकलेला डॉक्टर, तो औषधं देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून आणि चाचण्यांतून उपचार करतो, आणि भारतात त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. परदेशी पदवी घेऊन इथे येऊन प्रॅक्टिस करायची असेल, तर या नोंदणीची चौकशी निघण्याआधीच करावी. आणि मिशिगनहून पीएच.डी. केलेला कॉग्निटिव्ह सायकॉलॉजिस्ट यातला कुणीच नव्हे, तो संशोधक आहे.

म्हणून कुणाला स्वतःला त्रास होत असेल, झोप लागत नसेल, वर्गात जावंसं वाटत नसेल, तर सायकॉलॉजीची पुस्तकं आणण्याआधी काउन्सेलरकडे जावं. केटी लागली म्हणून आयुष्य संपत नाही, पण त्या रात्री ते संपल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं खरं असतं. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो नंबर सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी लागला नाही तर शेजारच्या रूमसाठी लागेल. सायकॉलॉजिस्ट होणं हे करिअर आहे. सायकॉलॉजिस्टकडे जाणं म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाण्यासारखं आहे. दोन्हींत लाज कसली?

मग आपण काय घ्यायचं?

सगळ्यांनी सायकॉलॉजीला जावं असं मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः मेकॅनिकल सोडणार नाही, मला माझी मशीन्स आवडतात. पण ती मशीन्स माणसंच चालवणार आहेत, आणि फिट्स वाचल्यापासून 'ऑपरेटरची चूक' हा शब्द मी सहज वापरत नाही.

ईस्ट हॉलमध्ये आधी इंजिनिअर बसत होते, आता सायकॉलॉजिस्ट बसतात. काम मात्र एकाच जातीचं आहे: प्रश्न नेमका करायचा, मोजायचं, किती चुकलो तेही मोजायचं आणि ते लपवायचं नाही. आपल्याकडे कॅप राऊंडने ब्रँच दिली, प्रश्न दिला नाही. तो देण्याचं काम कुठलीही सी.ई.टी. करणार नाही. लिकर्टला तो रेल्वेच्या संपात सापडला, आपल्याला वर्कशॉपमध्ये सापडेल, मेसच्या रांगेत सापडेल, गावाकडच्या एस.टी. त सापडेल. फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय सीनियरच्या सी.डी. वरून उचलण्याआधी एक रात्र द्या आणि एका वाक्यात लिहून बघा: मला नक्की काय जाणून घ्यायचं आहे?

रूममेटचा अर्ज डिसेंबरमध्ये जाणार आहे. बाबा अजून पूर्ण तयार नाहीत, पण फीचा हिशेब त्यांनी कागदावर मागवून घेतला आहे. लिकर्टच्या पट्टीवर म्हणाल तर ते सध्या 'अजिबात सहमत नाही' वरून 'तटस्थ' वर आले आहेत. दोन गोल सरकले. आजीला मात्र एकदम पाचवा गोल! "मन मोजणार म्हणजे बरंच की गं," म्हणाली, "आधी तुझ्या बाबाचंच मोज."